सत्त्याऐंशी सेकंदांची हाळी

मंगळवार, १४ मे २०१९ रोजी दुपारी बारा वाजून दहा मिनिटे सहा सेकंदांनी सातव्या विहिरीची मोटार बंद करण्याचा आदेश देण्यात आला. मोटार बारा वाजून अकरा मिनिटे सत्तावीस सेकंदांनी बंद झाली. मधल्या एक्क्याऐंशी सेकंदांत सर्व्हरवरचा भार दोन टक्के होता. उरलेल्या त्रेचाळीस विहिरींपैकी दहा तितकाच वेळ गप्प होत्या आणि तेहतीस नेहमीप्रमाणे बोलत होत्या.

त्या एक्क्याऐंशी सेकंदांत गाळ काढणारा भरत पन्नास फूट खाली उतरला. त्याचा उजवा पाय पाण्यात पडला तेव्हा मोटार चालू होती आणि तिच्या केबलच्या एका जोडातून वीज गळत होती. डावा पाय दगडी पायरीवर होता आणि कंबरेला दोर होता. वर उभ्या असलेल्या बन्सीने दोर ओढला. पाय गुडघ्यापर्यंत बधिर झाला, पुढे दोन तासांनी त्यात जाणीव आली. नोंदींवरून हिशेब केला तर भरतचा पाय त्या पाण्यात सुमारे सात सेकंद होता. हा आकडा मी त्याला सांगितला नाही.

पैठण रस्त्यावर चितेगावच्या आसपास तात्यासाहेबांनी चव्वेचाळीस विहिरी करारावर घेतल्या होत्या. पुंडलिकनगरच्या पुढे ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांना नळ नव्हता आणि टँकर होता. कोणत्या विहिरीत किती पाणी उरले आहे हे पाहून मोटारी लावणे आणि बंद करणे, हे काम आमच्या पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून चालत असे. प्रत्येक मोटारीच्या पेटीत सिमकार्ड असलेले एक यंत्र होते, आणि ते आमच्या सर्व्हरशी सतत जोडलेले राही. सर्व्हरवरचा प्रोग्राम मी आणि अंगद अशा दोघांनी लिहिला होता. अंगद भरतचा धाकटा भाऊ. दौलताबादच्या पलीकडच्या वस्तीवर त्यांची मेंढरे होती. दुष्काळात निम्मी गेली तेव्हा भरतने विहिरींतला गाळ काढण्याचे काम धरले.

पूर्वी विहिरीत उतरणारा माणूस पेटीतला फ्यूज काढून खिशात घालीत असे. फेब्रुवारीत तात्यासाहेबांनी सगळ्या पेट्या सील केल्या, कारण लोक परस्पर मोटारी लावत होते. तेव्हापासून उतरणाऱ्याने फोनवर ‘बंद’ दाबायचे, हिरवी खूण दिसली की उतरायचे, अशी पद्धत पडली. मोटार तळाशी पाण्यात असल्याने तिचा आवाज वर येत नसे. ती मीच ठरवली होती.

मंगळवारी संध्याकाळी भरत लंगडत ऑफिसात आला आणि खुर्चीत न बसता भिंतीला टेकून जमिनीवर बसला.

“खूण हिरवी झाली व्हती, ताई. म्या सोता बघितली.”

“झाली होती. नोंद आहे.”

“मग मोटार कशी चालू ऱ्हाती?”

“मला माहीत नाही.”

“तुमालाच म्हाईत नाय, तर मग आमी कुनाला इचारायचं?”

अंगदने पाण्याचा ग्लास पुढे केला. भरतने तो घेतला. “आई म्हनती, सातव्या हिरीत आसरा हाय. उद्या निवद न्यायचा म्हनती.”

“दादा, आसरा सर्व्हरवर नसतात.”

“नसत्यात व्हय? तू बघितलंस का? तुज्या मॅडमनंबी बघितलं नाय.”

मी भौतिकशास्त्र शिकले आहे आणि पाण्यातल्या सात बहिणींवर माझा विश्वास नाही. परंतु त्या क्षणी भरतच्या आईपाशी, म्हाळसाबाईंपाशी, एक कारण होते आणि माझ्यापाशी एकही नव्हते. मला भीती वाटली ती याची. कारण माहीत नसलेली गोष्ट पुन्हा केव्हा घडेल हे सांगता येत नाही.

तात्यासाहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. “केबल बदलली सातव्या विहिरीची. झालं की आता. गुरुवारी एकोणिसावी घ्या.”

“साहेब, वीज का गळत होती ते केबलने कळलं. मोटार चालू का होती ते कळलेलं नाही.”

“कळेल तेव्हा कळेल. एकोणिसावीत गाळ इतका आलाय की पंप निव्वळ चिखल ओढतोय. आठ वसाहतींचं पाणी त्या एका विहिरीवर आहे, बाई. मी त्यांना काय सांगू, ज्ञानेश्वरीताईंचा अभ्यास चाललाय म्हणून?”

“सील तोडून फ्यूज काढू द्या.”

“चव्वेचाळीस पेट्यांची सीलं तोडली की महिन्यात चव्वेचाळीस चोरटे कनेक्शन. नाही.”

भरत नाही म्हणू शकत होता. पण तो तसे म्हणाला नाही, कारण गाळ काढणारे आणखी दोघे चौकशी करून गेले होते. तेव्हा माझ्याकडे गुरुवारच्या दुपारपर्यंतचा वेळ होता. विहिरींचा गाळ भर दुपारीच काढतात. मे महिन्याच्या मध्याला आमच्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि बारा ते साडेबाराच्या दरम्यान तळापर्यंत ऊन पोचते. एरवी खाली काही दिसत नाही.

बुधवारचा दिवस मी नोंदी वाचण्यात घालवला. गेल्या तीन महिन्यांत असे उशीर एकोणचाळीस वेळा झाले होते, आणि कोणी तक्रार केली नव्हती, कारण मोटार मिनिटभर उशिरा बंद झाली तर टँकर थोडा सांडतो, एवढेच. प्रत्येक वेळी अकरा विहिरी एकदम गप्प होत. त्या शेजारच्या नव्हत्या, एका टॉवरखालच्या नव्हत्या, एका कंपनीच्या यंत्राच्याही नव्हत्या. सर्व्हर पुन्हा सुरू केला की अकरांचा गट बदलत असे. उशीर कधी वीस सेकंदांचा, कधी पन्नासचा. सर्वांत मोठा सत्त्याऐंशीचा. त्याहून मोठा एकही नव्हता.

जाळ्यातल्या बिघाडाला अशी ठरीव कमाल मर्यादा नसते. ही मर्यादा कोणीतरी घातलेली होती. कोणी, ते मला दिसत नव्हते, पण मर्यादा दिसत होती, आणि तिच्यावर मी एक नियम बांधला. संध्याकाळी भरतला सांगितले: “हिरवी खूण दिसली की घड्याळ लावून दोन मिनिटं थांबायचं. मगच उतरायचं. दोन मिनिटांत मोटार नक्की बंद झालेली असेल.”

“नक्की?”

“आजवर सत्त्याऐंशी सेकंदांच्या पुढे कधीच गेलेलं नाही.”

“आजवर,” भरत म्हणाला. त्याने वाद घातला नाही.

गुरुवारी सकाळी मी त्या अकरा विहिरी निराळ्या प्रकारे मांडल्या. विहिरींच्या क्रमांकाने न लावता, मंगळवारी पहाटे सर्व्हर सुरू झाल्यावर ज्या क्रमाने त्या जोडल्या गेल्या त्या क्रमाने लावल्या. जोडणीच्या त्या क्रमात गप्प झालेल्या अकरा विहिरी तिसरी, सातवी, अकरावी, पंधरावी अशा होत्या. दर चौथी.

चार हा आकडा मी ओळखत होते.

शेकडो यंत्रांशी एकाच वेळी बोलणारा प्रोग्राम आज कोणी मुळापासून लिहीत नाही. त्यासाठी तयार फ्रेमवर्क मिळते. ते पोटात मोजके कामकरी, म्हणजे काम उरकणारे प्रोग्रामचेच भाग, ठेवते, आमच्या सर्व्हरवर चार. नवी जोडणी आली की ती पाळीपाळीने एकेका कामकऱ्याकडे जाते आणि शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहते. चव्वेचाळीस विहिरी, चार कामकरी, प्रत्येकी अकरा. कामकरी कोणत्याही विहिरीपाशी थांबत नाही. काही आले आहे का पाहतो, आले असेल तर तेवढे उरकतो, नसेल तर त्याच क्षणी पुढच्या विहिरीकडे वळतो. एका सेकंदात तो अकरांना शेकडो फेऱ्या घालतो. त्याचे सगळे कौशल्य न थांबण्यात आहे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत असताना मी ही फेरी बारा उपकरणांसाठी हाताने लिहिली होती. दोन महिने लागले होते आणि शेवटपर्यंत ती मधूनच अडकत असे.

फ्रेमवर्क हे सगळे झाकून टाकते. लिहिणाऱ्याला फक्त एक रिकामी चौकट दिसते: या विहिरीकडून किंवा या विहिरीसाठी निरोप आला तर काय करायचे ते इथे लिहा. लिहिणाऱ्याला वाटते, या विहिरीसाठी स्वतंत्र माणूस बसला आहे. अंगद रुजू झाला त्या आठवड्यात त्याने मला विचारले होते की या चौकटीच्या खाली काय चालते. मी म्हणाले होते, “खालचं विसरून जा. ते फ्रेमवर्क बघून घेतं.”

आता दिसत होते की चारांपैकी एक कामकरी कुठेतरी थांबतो आहे. थांबलेल्या माणसाला श्रम पडत नाहीत, म्हणून सर्व्हरवरचा भार दोन टक्के. पण कुठे थांबतो? मोटार बंद करण्याचा भाग मी लिहिला होता आणि बुधवारी तो चार वेळा वाचला होता. त्यात थांबणे नव्हते. मोटार सुरू करण्याचा भाग अंगदचा. तो मी उघडलाच नव्हता, कारण सातवी विहीर कोणी सुरू केली नव्हती.

बारा वाजून चौदा मिनिटांनी एकोणिसाव्या विहिरीवरून भरतचा ‘बंद’ आला. पडद्यावर त्याची हिरवी खूण उमटली. पडद्यावर प्रत्येक विहिरीचा एक ठिपका असतो. यंत्राकडून दर दहा सेकंदांनी ‘मी आहे’ असा निरोप येतो आणि ठिपका लुकलुकतो. अकरा ठिपके करडे झाले होते. एकोणिसावा त्यांत होता.

“अंगद, तुझ्या भावाला फोन लाव.”

“आत्ता उतरायचा नाही तो, ताई. दोन मिनिटं थांबणार ना?”

“लाव.”

मी घड्याळाकडे पाहत होते. ठिपके बारा वाजून तेरा मिनिटे पन्नास सेकंदांपासून करडे होते. सत्त्याऐंशी मिळवले की पंधरा मिनिटे सतरा सेकंद. पंधरा मिनिटे सतरा सेकंद झाले. ठिपके करडेच होते. अठरा. वीस. तीस.

सत्त्याऐंशी ही मर्यादा नव्हती. तो एक तुकडा होता, आणि आज एकामागे दुसरा लागला होता.

“उचलत नाही,” अंगद म्हणाला. “शर्ट काढून झाडाला अडकवतो तो. फोन शर्टात असणार.”

“बन्सीला लाव.”

“त्याच्या दोन्ही हातांत दोर असतो, ताई.” तरीही त्याने लावला. घंटा वाजत राहिली. सोळा मिनिटे झाली. माझ्या नियमाप्रमाणे भरतने आता पहिल्या पायरीवर पाय ठेवला असणार. पन्नास फूट उतरायला त्याला पाऊण ते सव्वा मिनिट लागते.

आदेश पुन्हा देण्यात अर्थ नव्हता. तो त्याच थांबलेल्या कामकऱ्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला असता. सर्व्हर बंद करण्यातही अर्थ नव्हता. जोडणी तुटली की यंत्र मोटारीला आहे त्या स्थितीत ठेवते, आणि मोटार चालू होती. विहीर वीस किलोमीटर दूर होती.

“अंगद. मोटार सुरू करताना तू काय करतोस? सगळं सांग. काही गाळू नकोस.”

“काही नाही, ताई. आदेश आला की हाळी देतो, मग मोटार लावतो.”

“हाळी म्हणजे?”

“दादानंच सांगितलं होतं. आमच्यात मोटार लावायच्या आधी विहिरीत वाकून तीनदा हाळी देतात, ‘हाय का कोणी आत?’ आणि उत्तर येईस्तोवर थांबतात. न थांबता मोटार लावणाऱ्याला लोक मारतात. म्हणून मी ते घातलं. विहीर राखणाऱ्याला फोन जातो, तो एक दाबून ‘आत कोणी नाही’ म्हणतो. नाही उचलला तर पुन्हा. तीनदा. तरी नाही उचलला तर मोटार लागत नाही.”

“एका फोनला किती वेळ थांबतोस?”

“पंचवीस सेकंद घंटा, चार सेकंद मोकळे.”

एकोणतीस. तीन वेळा. सत्त्याऐंशी.

“आत्ता कोणाला हाळी चालू आहे?”

त्याने मोडेमची नोंद उघडली. फोन ज्या मोडेमवरून जात तो त्याच्याच टेबलावर होता, आणि त्याची नोंद सर्व्हरच्या नोंदीत येत नसे. “टँकर पॉइंटवरून तीन विहिरींना एकदम आदेश आलाय. एकतीस, बारा, चाळीस. राखणारे कडुबा, साहेबराव आणि...” तो थांबला. “ताई, आज साहेबरावांच्या पोरीचं लग्न आहे. बारा वीसचा मुहूर्त. कोणी उचलणार नाही. बँड वाजत असेल.”

तिन्ही विहिरी करड्या अकरांतल्याच होत्या, प्रत्येकी सत्त्याऐंशी. दोनशे एकसष्ट सेकंद. बारा वाजून अठरा मिनिटे अकरा सेकंदांपर्यंत हा कामकरी वऱ्हाडाला फोन लावत बसणार होता, आणि भरतची मोटार बंद करण्याचा आदेश त्याच्या मागे रांगेत उभा होता. घड्याळात सोळा मिनिटे अठ्ठावन्न सेकंद झाले होते.

मी मोडेमची वायर धरली आणि भिंतीतून उपटली. फोनच लागत नसला की कामकऱ्याला थांबायला कारण उरणार नव्हते.

अंगद “ताई, काय...” एवढे म्हणाला आणि पडद्याकडे वळला. अकरा ठिपके एकदम हिरवे झाले. एकोणिसाव्या विहिरीसमोर यंत्राचा स्वतःचा निरोप उमटला: मोटार बंद, बारा वाजून सतरा मिनिटे एक सेकंद.

अंगद पुन्हा पुन्हा फोन लावत होता आणि त्याचा अंगठा चुकत होता. बारा वाजून एकोणीस मिनिटांनी बन्सीचाच फोन आला.

“काय रं, घंटी वाजवून वाजवून जीव खाल्लास! दोर सोडून फोन घेऊ का तुजा? तुजा भाऊ काय टोपल्यातला गाळ हाय व्हय, सोडून द्यायला?”

“दादा कुठंय?”

“खाली. चिखल काढून ऱ्हायला.”

“पाण्यात उतरला तेव्हा काही झालं?”

“काय व्हनार? सहा पायऱ्या ऱ्हायल्या असताना मोटारीची घरघर बंद झाली म्हनं. लई घाबारला. जरा येळ तिथंच दगडाला चिकटून बसला, मंग उतारला.”

अंगदने फोन टेबलावर ठेवला आणि बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. मी वायर अजून हातात धरली होती. ती ठेवायला हवी हे सुचायला मला बराच वेळ लागला.

संध्याकाळी भरत आला तेव्हा मी त्याला सगळे सांगितले: सात सेकंदांचा आकडा, माझा दोन मिनिटांचा नियम आणि तो का खोटा होता. त्याने मध्ये एकदाच विचारले.

“म्हंजी चार गडी. दर गड्यामागं अकरा मेंढरं.”

“हो.”

“आन् एक गडी एकाच मेंढरापाशी बसून ऱ्हायला. बाकीची दहा बेवारशी.”

“हो.”

“अंगद्या,” तो भावाकडे वळला, “हाळी म्या सांगितली व्हती. गड्याला तिथं बसीव म्हनून नव्हतं सांगितलं.”

“मला दिसलाच नाही रे गडी,” अंगद म्हणाला.

“दिसंल कसा. झाकून ठिवलाय नव्हं.” भरत उठला. दारात थांबून म्हणाला, “ताई, माजा फ्यूज मला परत द्या. तुमची हिरवी खूण ऱ्हाऊ द्या तिकडं.”

शुक्रवारी मी तात्यासाहेबांना एक पान लिहून दिले. सील तोडल्याशिवाय यापुढे कोणालाही विहिरीत उतरवणार नाही, हे त्यात पहिल्या ओळीत होते. त्यांनी त्यावर सही केली. मोटारींना उशीर का होत होता, तेही त्याच पानावर लिहिले होते. ते असे.

मोटार सुरू करण्यापूर्वी विहीर राखणाऱ्याच्या उत्तरासाठी थांबण्याची सूचना अशा जागी लिहिली गेली, जिथे थांबणारा एकटा नसतो. फ्रेमवर्कचा एक कामकरी अकरा विहिरी सांभाळतो. तो एका विहिरीसाठी थांबला की अकराही थांबतात. एका विहिरीवर तो जास्तीत जास्त सत्त्याऐंशी सेकंद थांबत असे. अनेक आदेश एकत्र आल्यास त्याच्या पटीत. हिरवी खूण आदेश यंत्राला पोचल्यावर उमटत नव्हती; तो कामकऱ्याच्या रांगेत ठेवला गेला की उमटत होती. थांबण्याची सूचना अंगदने लिहिली. हिरवी खूण मी लिहिली. खाली काय चालते ते पाहण्याची गरज नाही, असे अंगदला मी सांगितले होते.